बासारला दिलेला दात

तीन दिवस नुसता झुलत होता.
आज आरूलचा, वाळल्या दह्याचा खडा चावला
आणि कट्.
सोलोंगो रडली नाही.
स्वतःचं नाव घेऊन पाहिलं तिने,
‘सो’मधून वारा गेला,
मग हसली.

गोंबोने मेंढीच्या शेपटीची चरबी कापली,
तीत दात दाबून बसवला.
“कुत्र्याला द्यायचा.
मग नवा येतो तो हाड फोडणारा.”

बाहेर उणे अठ्ठावीस.
तंबूच्या दाराशी बासार, चौदा वर्षांचा.
त्याच्या तोंडात दोन सुळे उरलेत, तेही हलते.
मला माहीत होतं. गोंबोलाही.
पण दुसरा कुत्रा आणायचा कुठून?
जवळचा शेजारी अकरा किलोमीटरवर,
आणि त्याच्याकडे फक्त घोडे.

तिने हात पुढे केला.
बासारने चरबी चाटली, चघळली,
जीभ बराच वेळ घोळवली,
आणि दात तसाच,
धुतल्यासारखा स्वच्छ,
तिच्या हातमोज्यावर परत ठेवला.

गोंबो खाकरला. काहीतरी बरं बोलायला
शब्द शोधत होता.
ती तोवर गुडघ्यांवर बसली,
म्हाताऱ्याचा काळा ओठ वर उचलून
आत डोकावत राहिली.
त्यानेही पाहू दिलं.

“ह्याला बसत नाही माझा,” म्हणाली. “छोटा आहे.”

दात खिशात टाकून आत आली,
चुलीपाशी माझ्याजवळ टेकली.
मी सुरी धरली होती, समोर मटण.

“आई, बारीक चिर.
दोघांचंही.”