पगार कमी करण्याबाबत

शनिवारी पहिल्या पाळीला कुंदा वाटला.
पाव किलोचा डबा, झाकणावर कंपनीचा छाप,
आणि डब्याखाली घडी घातलेलं पत्र :
आपल्या वेतनात दरमहा रुपये दोनशे चाळीसची वाढ.
कोअर शॉपमधल्या आम्ही अकराजणी.
वाळूचे हात पदराला पुसले
आणि आधी कुंदा खाल्ला.

पत्र दुपारी वाचलं.
वीस हजार आठशे सत्तर, त्यात दोनशे चाळीस.
रेणुका हुंदरेनं बोटांवर मोजलं,
मी पत्र्यावर खडूनं.
मल्लव्वा वाकून बघत म्हणाली,
"एकवीसच्या वर गेलीस की गे.
आता कार्ड जातंय बघ."

ते कार्ड अशोकनगरच्या दवाखान्याचं.
त्यावर माझा फोटो, पण वापरतो भरमाणी.
महिन्यातून दोनदा भाप, फुंकायचं औषध,
गेल्या थंडीत सात दिवस नळी.
एकोणीस वर्षं त्यानं इथंच फेटलिंगला काढली,
तोंडाला माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून.
ओतलेल्या लोखंडातली वाळू ठोकून काढतात,
मग पोकळी स्वच्छ आहे का, बॅटरी मारून बघतात.
सुटताना गेटवर रोज झडती,
खिसे, डबा, चपलासुद्धा.
छातीत कंपनीची एवढी वाळू घेऊन
तो रोज बाहेर पडला,
त्याला कुणी अडवलं नाही.

रात्री कॅलेंडरच्या पाठीवर हिशोब केला.
कार्डापायी कंपनी भरायची सव्वातीन टक्के,
म्हणजे सहाशे अठ्ठ्याहत्तर.
ते आता भरायचे नाहीत.
मला दिले दोनशे चाळीस.
उरले चारशे अडतीस, माझ्या एकटीच्या मागं, दर महिन्याला.
कुंदा धरला दीडशेचा,
तो एकदाच.

सोमवारी अर्ज लिहिला.
विषय : पगार कमी करण्याबाबत.
एकशे अकरा रुपये परत घ्यावेत, ही विनंती.
कन्नडमध्ये हवा म्हणाले, तर खानापूरच्या शिवानंदनं लिहून दिला.
त्यांच्यात पगाराला संबळ म्हणतात.
आमच्यात संबळ देवीपुढं वाजवतात.
संबळ कडिमे माडबेकु,
मी मोठ्यानं वाचलं, तर पोरगं हसायला लागलं,
मग गप्प झालं.

सही करायला तिघीच आल्या.
रेणुका नाही आली.
तिच्या घरात सगळे धट्टेकट्टे,
दोनशे चाळीसात तिच्या लेकाचा बस पास निघतो.
तिला काय म्हणू मी?
मीही तेवढ्यासाठीच दोन वर्षं गेटवर घोषणा दिल्यात.

एचआरचे साहेब लांबचे, हिंदी बोलणारे.
अर्ज उलटा करून बघितला, मागं काही आहे का म्हणून.
सिस्टममध्ये पगार वाढवायचा रकाना आहे म्हणाले,
कमी करायचा नाही.
कंपनीचा विमा घ्या, म्हणाले, चांगला आहे.
पती?
पती नाही, फक्त कर्मचारी.
पुढच्या वर्षी बघू पतीचं,
पण आधीपासूनचे आजार वगळून.

आधीपासून म्हणजे कधीपासून, साहेब?
तुमच्या गेटातून पहिल्यांदा आत आला
तेव्हा यळ्ळूरचा गड तो
न थांबता चढायचा,
खांद्यावर भाच्याला घेऊन.

हे मी मराठीत बोलले.
ते साहेबांना कळलं का, कोण जाणे.
शिपायानं शिक्का मारून प्रत दिली.

घरी आले तर भरमाणी उंबऱ्यावर,
मांडीवर कुंद्याचा डबा.
अर्धा त्याच्यासाठी राखला होता.
"वाढ झाली म्हणे गे? मल्लव्वा सांगून गेली."
बाकीचं तिनं सांगितलं नसावं.
"झाली की," म्हटलं.
एक घास खायचा,
चमचा धरून थांबायचा,
दम आला की दुसरा.
"बरी आहे की कंपनी," म्हणाला.
शिक्क्याची प्रत मी
तांदळाच्या डब्यात खोल सारली.