शुक्रवार वगळून

मॉडेलमध्ये सगळे खांब एका फांदीवर होते,
सगळी दारं दुसऱ्या,
खिडक्या त्याखाली.
डिझायनरने जातवार उभं केलेलं गाव.

मी ते मोडलं.
इमारत, तिच्यात मजला, मजल्यात स्लॅबचा तुकडा,
तुकड्याखाली ट्रक.
आणि ट्रकच्या पोटात
जे आधी लागणार ते शेवटी भरायचं,
हे मात्र कुठल्याच फांदीवर लिहिता येईना.

मिंगेल फोरमन मागे उभा,
हातात अर्धा खाल्लेला उंडो.
बराच वेळ स्क्रीन बघून म्हणाला,
"बाय, शुक्रार खंय आसा हातूंत?"

खरंच की.
शुक्रवारी म्हापशात आमच्या गल्लीच्या तोंडाशी
मयड्याची केळी बसतात, चवरीसच्या माळा,
मडकी घेऊन एक म्हातारी,
जिला हॉर्न ऐकू येत नाही
किंवा ती ऐकत नाही.
चाळीस फुटी ट्रेलर तिच्यापुढे काय वळणार!

मग प्रत्येक वस्तूला मी एक रकाना जोडला:
कधी येऊ नये.
तुळया, जिन्याचे कठडे, लिफ्टचं यंत्र,
सगळ्यांना.

रात्री उशिरा तळाशी 'इतर'मध्ये
एकच उरलं.
लांबट दगड, वजन एकशे वीस किलो,
मजला नाही, नाव नाही.

"उंबरो तो," मिंगेल फोनवर जांभई देत म्हणाला,
"सगळ्यांचो निमाणो."

त्याला मी फांदी दिली नाही.
नुसती तारीख दिली,
शनिवारची,
पहाटे सहा,
गल्ली झाडून झाल्यावर.