खोलीच्या मोबदल्यात

दर एप्रिलमध्ये मी इथे दोन रात्री राहतो
आणि पैसे देत नाही.
लॉबीतला पियानो सुरात लावून द्यायचा,
त्या बदल्यात दुसऱ्या मजल्यावरची अकरा नंबरची खोली,
सकाळी ग्रिट्स, एक अंडं, हवी तेवढी कॉफी.
मिसेस थॅक्स्टनच्या नवऱ्याने हा करार केला होता, तोंडी,
ब्याण्णव साली.
नवरा गेला. करार आहे.

टॉम्बिग्बी नदी दोनतीन वर्षांतून एकदा
मागच्या पायऱ्यांवरून आत डोकावते
आणि काही न नेता परत जाते.
वॉलपेपरवरचे बगळे गुडघ्यापर्यंत तपकिरी झालेत.
पंखा फिरतो, पण वारा घालणं त्याने कधीच सोडलं.
किल्ली पितळी, मुठीत न मावणारी;
दार मात्र खांद्याच्या एका धक्क्याने उघडतं.

"शंभर वर्षांत इथलं काही बदललेलं नाही,"
मिसेस थॅक्स्टन पाहुण्यांना सांगतात, गोड, सावकाश,
एकेका शब्दाला बसायला खुर्ची देत.
अटलांटाहून आलेलं कोवळं जोडपं हरखून जातं,
झुंबराखाली उभं राहून फोटो काढतं.
झुंबराचे बारा दिवे. लागतात सात.

ओलसर हवेत पियानो माणसासारखाच सुजतो.
त्याची पुढची फळी काढली की
पोटात काय काय निघतं:
केसांचा आकडा, दहा सेंट,
कुणाच्या तरी लग्नातले तांदूळ,
सिगारेटचं चांदीचं कागद, घडी घातलेलं.
मी सगळं एका बशीत ठेवतो. विचारायला कुणी येत नाही.

या वर्षी ओझेल पेटवे आली, हातात चादरींचा गठ्ठा.
तीस वर्षांत आम्ही हवामानापलीकडे बोललो नव्हतो.
म्हणाली, "मधली काळी चार अजून उतरते का?"

उतरते. दर वर्षी, तीच.
पण हे कळायला कान लागतो,
आणि मी तिच्याकडे पाहतच राहिलो.

"आई वाजवायची. इस्त्रीची पाळी संपली की,
अकरानंतर, पाहुणे झोपल्यावर.
डावं पॅडल दाबून धरायची, सूर गोधडीत गुंडाळल्यासारखे यायचे.
मी मागच्या जिन्याखाली बसून असायचे.
सहा वर्षांची. जागी.
एका रात्री म्हाताऱ्या थॅक्स्टनने ऐकलं.
ओरडला नाही हं. 'छान' म्हणाला.
दुसऱ्या दिवशी पियानोला कुलूप."

झाकणाच्या कडेला दोन बारीक भोकं आहेत,
दीड इंचाच्या अंतराने.
तीस वर्षं मी त्यांना वाळवी समजत आलो.

"बस ना. वाजव," मी स्टूल पुढे सरकवलं.
तिने बोटं पाहिली, ब्लीचने पांढुरकी पडलेली.
"मला वाजवता येत नाही," ती म्हणाली. "मला ऐकता येतं."

मग तार ओढत गेलो, केसभर, पुन्हा केसभर.
ती मान हलवायची: अजून नाही.
अजून नाही.
आणि एकदम तिने डोळे मिटले, तिथे मी हात थांबवला.
माझं यंत्र म्हणत होतं, जरा खालीच आहे.
यंत्र मी पेटीत टाकलं.

ती गठ्ठा उचलून निघाली, मागच्या जिन्याने.
पुढचा रुंद जिना समोरच होता, लाल गालिच्याचा,
तिला कुणी अडवण्याचे दिवस जाऊन साठ वर्षं होत आली.
मी पाहतोय हे तिला कळलं असावं.
"हा जवळ पडतो," न वळता म्हणाली.

रात्री अकरा वाजून गेले.
खाली पियानो गप्प. मी जिन्याच्या कठड्याशी उभा,
मोज्यांवर,
साठीतला माणूस, कशाची वाट पाहत होतो कोण जाणे.
बर्फाचं मशीन तेवढं एकदा खोकलं.

सकाळी मिसेस थॅक्स्टननी कॉफी स्वतः ओतली,
बशीला तडा गेलेला, तो माझ्यापासून दूर फिरवून.
"एक काम होतं. झाकणावरची ती दोन भोकं
मेणाने बुजवता येतील? फोटोत फार दिसतात."

मेण होतं माझ्या पेटीत. अक्रोडी रंगाचं, अख्खी कांडी.

संपलंय, म्हणालो.