डॉक्टरांचं रीळ

मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी
ऑपरेशनच्या हिरव्या कापडात गुंडाळलेलं रीळ
माझ्या लेथशेजारी ठेवलं.
"कुरकुरतंय," म्हणाले. "बावन्न हजारांचं आहे, जपून."

कुपवाडला त्या दिवशी वीज नव्हती.
शेडच्या दारातल्या उजेडात मी एकेक स्क्रू
बशीत मांडत गेलो, निघाले त्याच क्रमानं.
बेअरिंगं अकरा. कार्बनच्या चकत्या.
प्रत्येक सांध्याला रबराची कड, नखाएवढी पातळ,
समुद्र आत येऊ नये म्हणून.
समुद्र वर्षातून दोनदा, मालवणला.
बाकी दिवस कपाट.

इलाही शिकलगार डोकावला.
हरिपूरच्या संगमावर तो बाटलीला दोरा गुंडाळून बसतो,
कणकेच्या गोळ्यात हिंग घालून,
आणि चिलापी तर चिलापी, रिकामा उठत नाही.
"आमच्या बाटलीत किती बेअरिंगं रं?
मासा काय बिल बघून गळ गिळतो व्हय?"

मी हसलो. पण बोट
मधल्या दातेरी चाकावरून फिरत होतं
आणि कुठंच काही लागत नव्हतं.

मला एका बुशाचे साडेचौदा रुपये मिळतात.
वीस मायक्रॉन चुकला की तो भंगाराच्या डब्यात,
आणि डब्याचे पैसे कुणी देत नाही.
या चाकामागंही कुठंतरी तसा डबा असणार,
काठोकाठ भरलेला,
आणि त्याचे पैसे कुणीतरी लावलेत.
बावन्न हजारांत धातू किती, डबा किती, नाव किती,
मला सांगता यायचं नाही.
नाव बरंच असावं.

खराब एकच निघालं:
दोरा जिथून वळतो तिथलं, हरभऱ्याएवढं.
तिथं रबराला जागाच नव्हती.

शनिवारी डॉक्टर आले.
रीळ कानाशी धरून मूठ फिरवली, डोळे मिटले.
काहीच ऐकू आलं नाही, तसे खूश झाले.
"किती?"
"साडेतीनशे."
"एवढ्याशा कामाला? तीनशे घे."

घेतले.
जुनं बेअरिंग त्यांनी मागितलं नाही.
पेट्रोलमध्ये धुऊन ते पेन्सिलीच्या टोकावर चढवलं,
टिचकी मारली.
खरखरत फिरलं,
चहा येईपर्यंत नाही,
पण मला वाटलं होतं त्याहून जास्त.
इलाही आकडे मोजत होता.