अर्धं दाबायचं

खात्याने कळवलं, अर्जासोबत फोटो हवा.
खांड कुठे पडली, किती हात, बांध कसा खचला,
नुसते शब्द चालणार नाहीत यापुढे.
बावीस वर्षं मीच लिहीत आलो ते शब्द,
निळ्या शाईत, कुळांच्या संघाचा शिक्का मारून.

म्हणून मानशीच्या पावणीच्या पैशातून
संघाने हा रुपेरी डबा घेतला
म्हापशाच्या दुकानातून, बिलासकट.
सभेत ठराव झाला : चिटणिसाने शिकून घ्यावं.
चिटणीस मी. वय एकसष्ट. हात थोडे कापतात.

शिकवायला झेनिता, कायतानची नात, सातवीतली.
चोडणच्या धक्क्यावर, फेरी पलीकडे गेलेली असताना,
ती म्हणाली, अंकल, एकदम नका दाबू.
अर्धं दाबायचं. थांबायचं.
हिरवा चौकोन आला की मग उरलेलं.

अर्धं म्हणजे किती, हे कुठल्या बोटाला माहीत असतं?
माझ्या बोटाला टाईपरायटर ठाऊक :
एक घाव, एक अक्षर.
पहिल्या दिवशी त्या बोटाचेच सात फोटो निघाले,
गुलाबी, कडेने उजेड झिरपणारे,
एकात नखाखालची शाईसुद्धा.

मग हळूहळू कळलं. बटण जरासं आत जातं
आणि एका जागी अडतं.
शिजत आलेलं शीत चिमटीत धरावं,
चिरडायचं नाही, नुसतं विचारायचं,
तसं.

फूल म्हणजे जवळचं. डोंगर म्हणजे लांबचं.
वाकडी वीज म्हणजे फ्लॅश, तिच्यावर काट असेल तर नाही.
ही बाराखडी मी पावतीपुस्तकाच्या पाठीवर उतरवून घेतली
आणि बांधावर उकिडवा बसून
खेकड्याचं एक बीळ फुलावर टाकून टिपलं.
बिळाच्या तोंडाशी मातीच्या गोळ्या, ओल्या, मोजता येतील अशा.
बांध कुठून पोखरला जातो ते तेव्हा पाहिलं.
जन्म गेला होता त्याच्यावरून चालण्यात.

श्रावणात तीन फोटो पाठवले. परत आले.
शेरा : सदर खांड दि. १ जानेवारी २००५ ची, मुदतबाह्य.
कोपऱ्यात नारिंगी आकडे होते,
मी ते शोभेचे समजलो होतो.
झेनिता हसता हसता धक्क्यावरून पडायची राहिली.
डबा कारखान्यातून निघाला तेव्हापासून
आपलीच एक तारीख धरून बसला होता बिचारा,
कुणी त्याला आजचा वार सांगितलाच नव्हता.

मग अमावास्येची भरती. रात्रीचे अडीच.
कायतान कमरेएवढ्या पाण्यात,
बांबू रोवतोय, चिखलाचे गोंडे रचतोय,
गावचे चौघे वरून पेंढा देतायत,
आणि मी बांधावर, दोरी मनगटाला दोनदा गुंडाळून,
काहीच न करणारा एकटा.
अर्धं दाबलं. चौकोन लाल.
काळ्या पाण्यात त्याला धरायला काही सापडेना.
भिंग पुढे गेलं, मागे आलं, पुन्हा पुढे,
दिवे गेल्यावर खुंटीवरचा सदरा चाचपावा तसं.
पाण्याचा आवाज तर केवढा होता.
तो कुठून आत घ्यायचा, ते झेनिताने सांगितलं नव्हतं.

‘काढ रे बेगीन!’ कायतान ओरडला आणि वळला,
आणि चौकोन हिरवा झाला त्याच्या तोंडावर.
उरलेलं दाबलं.

सकाळी पोदेराच्या सायकलीपाशी, हातात गरम पाव,
आम्ही दोघांनी तो पाहिला.
मिशांना चिखल, एक डोळा मिटलेला,
शिवी अर्धी बाहेर आलेली.
कोपऱ्यात तारीख बरोबर.
भोवती सगळं काळं.
‘आणि खांड?’
तुझ्या मागे आहे, म्हटलं.
त्याने डबा उलटा करून पाहिला.

दुपारी अर्ज लिहायला बसलो, निळ्या शाईत.
सोबत : फोटो एक.
खांड, अंदाजे नऊ हात,
कायतानच्या मागे.