शेऱ्याचा रकाना

चारठाण्याच्या पुढं, ओढ्याकाठच्या मोटारघरात
मीटर तीन वर्षांपासून बंद आहे.
तरी महिन्याला जावंच लागतं,
फोटो काढावा लागतो, शेरा लिहावा लागतो :
मीटर बंद.

पौषात गेलो तर पेटीतून आवाज.
आधी वाटलं, करंट आला.
पायात रबरी चप्पल आहे ना, बघितलं,
टेस्टर काढला, कान जवळ नेला.
करंटचा आवाज एका जागी उभा असतो.
हा चालत होता.
वायरीच्या भोकातून एक बाहेर आली, मागं दुसरी,
तिसरी आत शिरली पायाला पिवळं माखून,
आणि मी झाकणाला हात लावला नाही.
सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
झाकण न उघडता शेरा लिहिला :
मीटर चालू.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, युनिट किती?

त्यानंतर माझे रस्ते लांबले.
जिंतूरकडून यायचं तर करडईच्या बांधानं,
काटे पोटरीला ओरबाडत,
फटफटी उतारावर बंद करून.
जवळ जाईपर्यंत नुसतं पिवळं रान;
जवळ गेलं की रान गुणगुणायचं.
मुंजाजी घुले बैलांना पेंड्या टाकत म्हणाला,
"काय बघायलाव हो एवढं? सातेरी हाय ती.
अंधाराची माशी. बिळात, ढोलीत ऱ्हाती.
आग्यासारखी मागं लागत नाही."
त्याचा आजा मध काढायचा, शेणीचा धूर करून.
"धूर दिसला की माशी आधी पोट भरून घेती.
आपल्याला वाटतं, गुंगली.
ती घर सोडायच्या तयारीत असती."

हे ऐकून मी त्या रात्री झोपलो नाही.

रत्नमाला म्हणाली, मध खायचा तर विकत आणा.
मला कुठला मध,
उपाशीपोटी दोनशे दहा आहे साखर.
मग कशाला?
सांगता आलं नाही.
परभणीला दोन दिवसांचं शिबिर झालं,
सगळी पोरं विशीतली, मी मागच्या बाकावर
वहीला रेघा आखून.
शिकलो की दोन चौकटींच्या मधे
पेन्सिलीएवढीच जागा सोडायची.
कमी सोडली तर चिकटवून टाकतात,
जास्त सोडली तर मधेच भलतं काहीतरी बांधतात.
घरी येऊन हे तिला सांगितलं.
ती भाकरी थापता थापता थांबली,
मग म्हणाली, असं कुणी आधी सांगत नाही.

नजीर मिस्त्रीनं पेटी केली,
कुणाच्या तरी लग्नाच्या पलंगातून उरलेलं सागवान.
दार बोटभर. तोंड उगवतीला.
आत जुन्या मेणाचा हात फिरवला,
मुंजाजीनं दिलेला गोळा, काळा, धुराचा वास असलेला.
गच्चीवर, टाकीच्या सावलीत,
चारी पाय चार वाट्यांत, वाट्यांत पाणी,
मुंग्या चढू नयेत म्हणून.

आता नवे मीटर येणार आहेत.
जुन्या पेट्या उचकटायला कंत्राटदाराची पोरं येतील,
त्यांच्याकडं स्क्रू-ड्रायव्हर असेल आणि घाई.
मी यादीत ते मोटारघर सगळ्यात खाली टाकलंय.
यादी रोज थोडी वर सरकते.

पेटी अजून रिकामीच.
नळ आठ दिवसांनी येतो,
तरी वाट्या कधी कोरड्या दिसल्या नाहीत.
मी भरत नाही.

काल अकराच्या सुमाराला एकटीच आली.
दाराशी थांबली, आत गेली.
फळीवरून चालल्याचं मला बाहेर ऐकू आलं,
की आलं असं वाटलं.
कोपरे बघितले असतील, उजेड कुठून शिरतो ते,
मिस्त्रीनं जिथं खिळा वाकवला तेही.
मग निघाली, माझ्याकडं न बघता,
जसा मी निघतो लोकांच्या पडवीतून
पाणी घ्या म्हणायच्या आत,
आणि गच्चीला एक फेरी मारून
ओढ्याच्या अंगाला गेली.

जिन्यातून रत्नमालानं विचारलं,
"काय म्हणली?"

रीडिंग नेलंय, म्हणलं.