निळा बर्फ

मार्केट यार्डात, हळदीच्या वखारीत
शिकलो मी कॅमेरा.
पिवळ्या बल्बखाली पोत्यांवर नेम धरून
दिवाणजीच्या मल्लिनाथनं दाखवलं तसं
पांढऱ्याचं माप बसवलं
आणि विसरलो.

पुढं स्वित्झर्लंडचा सगळा बर्फ निळा निघाला.
गाई निळ्या, गिरिजाची नवी शाल निळी,
नातवाचं नाक तर
दौतीत बुडवल्यागत.
आठ दिवस. चारशे बारा फोटो.

सांगलीत टीव्हीवर लावले तेव्हा
व्याही हळूच म्हणाले,
थंडी फार दिसतीय.

एकच फोटो खऱ्या रंगाचा.
रात्री हॉटेलात, वर पिवळा बल्ब,
पलंगावर पेपर पसरून भडंग.
दाणा न् दाणा मोजून घ्या.
चाकू सापडला नव्हता,
म्हणून गिरिजानं कांद्यावर बुक्की उगारलीय.
अजून मारलेली नाही.